मोत्या, वाघ्या, खंड्या

माणसाचे नाव ठेवायचे म्हणजे आपल्याकडे केवढी यातायात! बाराव्या दिवशी बारसे, पंचांगातले नक्षत्र, नक्षत्रावरून अक्षर, आजोबांचे नाव की कुलदैवताचे यावरून घरात दोन तट, आणि सरतेशेवटी आत्याबाईंनी बाळाच्या कानात केलेले कुर्र. कुत्र्याच्या पिल्लाच्या नशिबी यांतले काहीच नसते. पोरे ते उराशी धरून घरी आणतात, आई "आधी ते बाहेर ठेवा" म्हणून ओरडते, आणि दिवेलागण होण्याच्या आत कोणीतरी त्याला एक हाक मारून बसलेले असते. तेच त्याचे नाव. ना मुहूर्त, ना घुगऱ्या. पण म्हणून या नावांना इतिहास नाही असे मात्र कोणी समजू नये. तो फार जुना आहे, आणि कुत्र्यांपेक्षा माणसांविषयीच तो अधिक सांगतो.

आमच्या बीड जिल्ह्यातल्या कोणत्याही वस्तीवर संध्याकाळी तासभर बसावे. बालाघाटाच्या माथ्यावरचा पाटोदा असो की गोदाकाठची गेवराई, त्याच पाचपंचवीस हाका कानावर येतात : मोत्या, वाघ्या, खंड्या, राजा, काळ्या, लाल्या, झिपऱ्या, शेरू, टायगर, टॉम्या. नीट पाहिले तर यांची घराणी मोजकीच आहेत. काही नावे रंगारूपावरून आली, काही पराक्रमाच्या आशेने ठेवली, काहींत लाड आहे, तर काहींत देव. जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, कचेरीची भाषा उर्दू होती; तेव्हा वाघ्याच्या शेजारी शेरू येऊन बसला यात नवल ते काय? पुढे इंग्रजी शाळा आल्या आणि टायगर आला. एकच वाघ, पण त्याने तीन भाषांची कातडी पांघरली!

रंगावरून नाव ठेवण्याची रीत तर वेदांइतकी जुनी आहे. यमाच्या दारी राखण करणारी दोन कुत्री ऋग्वेदात येतात. चार डोळ्यांची, अंगावर ठिपके असलेली. पुढच्या वाङ्मयात त्यांना श्याम आणि शबल म्हटले आहे. म्हणजे काय, तर काळ्या आणि कबऱ्या! ग्रीकांच्या पाताळाच्या दाराशीही असाच एक कुत्रा आहे, केर्बेरोस नावाचा. त्याचे नाव आणि आपला शबल हे मुळात एकच, असे काही पंडितांनी मांडले. सर्वांना ते पटलेले नाही. तो वाद पंडितांकडे सोपवू. यमासारख्या देवालाही आपल्या कुत्र्यांसाठी याहून भारदस्त नावे सुचली नाहीत, एवढे आपल्याला पुरे.

या दोघांची आई सरमा. पणींनी गाई चोरून नेल्या तेव्हा इंद्राने तिला शोधाला पाठवले. ती रसा नदी ओलांडून पलीकडे गेली. पणींनी तिला लालूच दाखवली की तू आमची बहीण हो, गाईंत तुला वाटा देतो. तिने ती साफ झिडकारली. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात हा संवाद आहे. या सरमेवरून कुत्र्यांना 'सारमेय' हे नाव मिळाले. माणसाची ओळख आपण बापाच्या नावाने देतो; कुत्र्याच्या कुळाची ओळख मात्र संस्कृताने एका प्रामाणिक आईच्या नावाने दिली, हे मला फार गोड वाटते.

सारमेयांतला एक मला विशेष जवळचा वाटतो. पंचतंत्राच्या चौथ्या तंत्रात चित्रांग नावाचा कुत्रा आहे. त्याच्या गावी मोठा दुष्काळ पडला. भुकेने गळा सुकला तेव्हा तो परमुलखात गेला. तिथे एका घरची गृहिणी जरा गाफील होती. चित्रांगाला रोज नाना प्रकारचे खायला मिळे. पण घराबाहेर पाऊल टाकले की त्या गावची कुत्री त्याला चहूबाजूंनी फाडत. शेवटी त्याने विचार केला, उपाशी असले तरी आपले गाव बरे. आणि तो परतला. भाऊबंदांनी विचारले, तो मुलूख कसा? तो म्हणाला, अन्नाला तोटा नाही. दोष एवढाच की आपल्याच जातीचे आपल्यावर उठतात. बीड जिल्ह्यातल्या माणसाला ही कथा वेगळी समजावून सांगावी लागत नाही. दर साल पीकपाणी नीट झाले नाही की कोयता घेऊन परमुलखाची वाट धरणारा हा जिल्हा. ही गोष्ट रचणाराने त्या कुत्र्याला नाव दिले म्हणून ती गोष्ट एका कोणाची झाली. नाहीतर दुष्काळात मेलेली कुत्री कोण मोजतो?

उलट आपल्या परंपरेतली फार थोर कुत्री निनावीच राहिली. स्वर्गाच्या वाटेवर भाऊ आणि द्रौपदी एकामागून एक गळून पडले, तरी जो धर्मराजाच्या पावलांमागे चालत राहिला त्या कुत्र्याला महाभारताने नाव दिलेले नाही. 'आश्रयाला आलेल्याला टाकून मला स्वर्ग नको,' अशी भूमिका धर्मराजाने घेतली ती या निनाव्यासाठी. नामदेवांची भाकर पळवणारा कुत्रा, ज्याच्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले, तोही निनावीच. दत्ताच्या पायाशी बसलेल्या चार कुत्र्यांना लोक चार वेद मानतात. दत्तभक्त दासोपंतांच्या (१५५१-१६१५) अंबाजोगाईत ही तसबीर घरोघर पाहावी. पण कोणी आपल्या कुत्र्याला 'सामवेदा, इकडे ये' अशी हाक मारल्याचे मी ऐकलेले नाही! या साऱ्या कथांत कुत्रा परीक्षा घेण्यासाठी आलेला आहे, आणि परीक्षा हीच असते की जो कोणाचाच नाही त्याच्याशी तू कसा वागतोस. नाव असते तर तो कोणाचा तरी झाला असता, आणि परीक्षा सोपी झाली असती.

दख्खनच्या इतिहासात नावानिशी दगडावर कोरलेल्या एका शिकारी कुत्र्याची हकीकत मोठी हृद्य आहे. इसवी सन ९४९-५० च्या सुमाराची गोष्ट. मराठवाडा ज्यांच्या राज्यात होता त्या राष्ट्रकूटांचा राजा तिसरा कृष्ण याने तक्कोलम येथे चोळांचा पराभव केला. त्याचा साथीदार गंग राजा बूतुग. बूतुगाच्या पदरी मणलेर नावाचा वीर होता. लढाईतल्या पराक्रमावर प्रसन्न होऊन धन्याने त्याला 'हवे ते माग' म्हटले. त्याने गाव मागितले नाही, सोने मागितले नाही; 'काळि' नावाचा शिकारी कुत्रा मागितला. पुढे एका मोठ्या रानडुकराशी झुंजताना डुक्कर आणि काळि दोघेही मेले. मणलेराने त्याच्या स्मरणार्थ देवळासमोर दगड उभा केला, पूजेसाठी जमीन लावून दिली, आणि पूजा न करता जेवणाऱ्या पुजाऱ्याला पाप लागेल असेही कोरून ठेवले. कर्नाटकातल्या आतकूर गावचा हा शिलालेख. त्या युद्धात पडलेल्या हजारो माणसांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. काळिचे नाव हजार वर्षांनंतरही वाचता येते.

आता देवाच्या घराण्यातली नावे पाहू, म्हणजे वाघ्या आणि खंड्या. बीड शहराच्या पूर्वेला डोंगरावर खंडोबाचे देऊळ आहे. समोरच्या दोन अष्टकोनी दीपमाळा, सत्तरेक फूट उंचीच्या, लांबूनच दिसतात. खंडोबा हा मार्तंडभैरव, आणि भैरवाचा सोबती कुत्रा. आपल्या देवघरातला खंडोबाचा टाक काढून पाहा; घोड्यावर देव आणि म्हाळसा, आणि घोड्याच्या पायाशी बहुधा कुत्रा असतोच. नवसाने खंडोबाला वाहिलेले भक्त ते वाघ्ये. ते स्वतःला देवाचे कुत्रे मानतात. जत्रेत कोटंब्यातले अन्न कुत्र्यासारखे तोंडाने खातात, भुंकतातही. म्हणजे पाहा, माणसाने भक्तीने कुत्रेपण पत्करले आणि त्याला नाव मिळाले वाघाचे. मग तेच नाव खऱ्या कुत्र्याकडे आले. धनगराच्या वाड्यावरचा वाघ्या भुंकतो तेव्हा त्याच्या नावात रान, देव आणि भक्त असे तिघेही असतात. खंड्या हे नावही लोक खंडोबाशीच जोडतात.

या दोन नावांचे दोन कुत्रे मराठ्यांच्या इतिहासात गाजले, आणि दोघांच्या कथा शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. पहिला साताऱ्याच्या शाहू महाराजांचा (राज्यकाल १७०८-१७४९) खंड्या. वाघाच्या शिकारीत त्याने महाराजांचा जीव वाचवला, म्हणून त्याला जहागीर आणि पालखीचा मान मिळाला, असे सांगतात. माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर त्याची समाधी आहे. ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या आपल्या इतिहासात महाराजांच्या कुत्र्याची आणखी एक गोष्ट दिली आहे. दरबारात मराठे सरदार भेटीला यायचे होते, तेव्हा महाराजांनी आपल्या लाडक्या कुत्र्याला भरजरी वस्त्रे आणि जडजवाहीर घालून, स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवून बसवले. ग्रँट डफ याला वेडाचा झटका म्हणतो. सरदारांच्या दागिन्यांचा तोरा उतरवण्याची ही राजेशाही थट्टा होती, असे मानणारेही आहेत. मला दुसरे अधिक पटते. आपण कुठल्या वस्तूला मान देतो, पगडीला की डोक्याला, हे दरबारात विचारण्याची तीही एक तऱ्हाच की!

दुसरा रायगडचा वाघ्या. ३ एप्रिल १६८० रोजी शिवछत्रपती निवर्तले तेव्हा त्यांच्या कुत्र्याने चितेत उडी घेतली, ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. गडावर समाधीजवळच्या चौथऱ्यावर त्याचा पुतळा १९३६ साली बसला. पण समकालीन कागदांत या कुत्र्याचा उल्लेख सापडलेला नाही. ऑगस्ट २०११ मध्ये काहींनी तो पुतळा हटवला, तो पुन्हा बसवला गेला. २०२५ साली तो हटवण्याची मागणी पुन्हा जोराने झाली. माझ्यापुरते सांगायचे तर पुराव्याच्या जागी मी पुरावाच मागेन. कथेला इतिहास म्हणणार नाही. पण एक गोष्ट ध्यानात येते. लोकांना जेव्हा निष्ठेला एक नाव द्यावेसे वाटले, तेव्हा त्यांनी नवे, डौलदार नाव शोधले नाही. आपल्या अंगणातल्या कुत्र्याचेच नाव त्यांनी रायगडावर नेऊन ठेवले.

इंग्रजी नावांना हसण्याची आपल्याकडे चाल आहे. पण टायगर म्हणजे वाघ्याच, आणि 'टॉमी'चा टॉम्या करून आपल्या शेतकऱ्याने त्याला केव्हाच मराठी केले आहे. नाव कोणत्या भाषेतले यापेक्षा ते हाकेला कसे आहे याला महत्त्व. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला ग्रीक लेखक झेनोफन याने शिकारीवर पुस्तक लिहिले. त्यात तो बजावतो की कुत्र्याचे नाव आखूड असावे, म्हणजे हाक मारणे सोपे जाते. आणि नमुन्यादाखल ४७ नावांची यादीच देतो. आमच्या शेतकऱ्याने झेनोफन वाचलेला नाही, पण नियम तंतोतंत पाळला आहे. मोत्या, वाघ्या, खंड्या : दोन अक्षरे, आणि शेवटी तोंड उघडून लांबवता येणारा 'आ'. ज्वारीच्या उभ्या पिकापलीकडे, ओढ्याच्या त्या काठाला पोहोचायची तर हाक अशीच हवी. 'मार्तंड' म्हणून ओरडून पाहा. निम्मे नाव वाऱ्यावरच विरते.

या 'या' प्रत्ययापाशी मात्र थोडे थांबले पाहिजे. मोत्याचा 'या', ढवळ्या-पवळ्या बैलांचा 'या', आणि गण्या-धोंड्याचाही 'या' एकच. आई लेकाला बाळ्या म्हणते तेव्हा त्यात माया असते. पण चावडीवरून पाटील वाड्यातल्या वयस्क माणसाला, त्याच्या नातवंडांदेखत, त्याच 'या'ने पुकारी, तेव्हा त्यात माया नसे. आमच्या गावांतून पिढ्यान् पिढ्या हे चालले. सालगड्याचे नाव आणि बैलाचे नाव एकाच सुरात उच्चारले गेले. ज्या तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, त्या महाडच्या चवदार तळ्याचे पाणी माणसांना पिता यावे म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला. तेव्हा कुत्र्याचे नाव हा नुसता गमतीचा विषय राहत नाही. आपण कुत्र्याला माणसाचे नाव देतो की माणसाला कुत्र्याचे, हा प्रश्न त्याच्यामागे उभा असतो.

तो प्रश्नही जुनाच आहे. ऐतरेय ब्राह्मणात अजीगर्त नावाच्या दरिद्री ऋषीची कथा आहे. त्याच्या तीन मुलांची नावे शुनःपुच्छ, शुनःशेप आणि शुनोलांगूल. तिन्हींचा अर्थ कुत्र्याचे शेपूट. वरुणाच्या यज्ञासाठी बळी हवा होता. बाप म्हणाला थोरला देणार नाही, आई म्हणाली धाकटा देणार नाही. मधला शुनःशेप शंभर गाईंना विकला गेला. यूपाला बांधलेल्या त्या पोराने देवांची करुणा भाकली, आणि पाश सुटले. मग विश्वामित्राने त्याला मुलगा म्हणून मांडीवर घेतले आणि नवे नाव दिले, देवरात, म्हणजे देवांनी दिलेला. विकणाऱ्या बापाने ठेवलेले नाव वेगळे आणि जवळ घेणाऱ्याने ठेवलेले वेगळे. नावाचे सारे शास्त्र मला या एका कथेत दिसते.

जवळ न घेता दिलेल्या नावाचीही एक कथा आहे, आणि ती आपल्याच काळातली. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी रशियाने अंतराळात पाठवलेली कुत्री मॉस्कोच्या रस्त्यावर भटकताना पकडलेली होती. तिला आधी 'कुद्र्याव्का' म्हणत, म्हणजे कुरळी. आपल्याकडे झिपरी म्हणाले असते. पुढे ती 'लायका' म्हणून जगभर गाजली. त्या यानात तिला परत आणण्याची सोयच केलेली नव्हती. नाव साऱ्या जगाच्या तोंडी गेले. तिला हाक मारून परत बोलावणारे मात्र कोणी नव्हते.

आमच्या जिल्ह्यातही कुत्र्यांनी एकदा असाच बोलबाला करवला. डिसेंबर २०२१ मध्ये माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावी वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर, घरांच्या माथ्यावर नेतात, आणि ती पडून मरतात, अशी बातमी देशोदेशी गेली. वनखात्याने दोन वानरे पकडून नेली. मेलेल्या पिल्लांचा आकडा बातमीगणिक वाढत गेला. त्यांपैकी एकाही पिल्लाचे नाव माझ्या वाचनात आले नाही. नाव नसलेल्यांचा आकडा फुगवायलाही सोपा आणि विसरायलाही सोपा.

बिननावाच्या कुत्र्यालाही आपल्याकडे एक नाव असतेच म्हणा : 'हाड्!' जन्मापासून हाच शब्द कानी पडल्याने ते बापडे त्यालाच आपले नाव समजत असेल. ज्या दिवशी त्याला कोणी 'यू यू' करून जवळ बोलावते आणि 'मोत्या' म्हणते, त्या दिवसापासून त्याच्या भाकरीचा, पाण्याचा, रेबीजच्या लशीचा आणि त्याने कोणाला चावू नये याचा भार त्या म्हणणाऱ्यावर पडतो. कुत्र्याचे बारसे होत नाही हे खरे. पण जबाबदारी मात्र बारशाइतकीच असते.

म्हणून कोणी मला नाव सुचवा म्हटले, तर मी कोश काढून बसत नाही. नाव आखूड असावे, उघड्या स्वराचे असावे. भर रस्त्यात मोठ्याने घेताना लाज वाटू नये असे असावे. बांधाच्या भांडणात भावकीतल्या कोणाचे नाव कुत्र्याला ठेवून रोज सकाळी त्याला शिव्या हासडण्याचे प्रकार खेड्यांतून ऐकू येतात. ते करू नये. त्यात कुत्र्याचा आणि माणसाचा, दोघांचाही अपमान आहे. आणि नवे नाव सुचत नसेल तर खुशाल मोत्या ठेवावे. गावात आणखी सात मोत्या असले तरी बिघडत नाही. प्रत्येकजण आपल्या घरचा आवाज ओळखतो.

दिवाळीच्या आगेमागे आमच्या जिल्ह्यातल्या कित्येक वाड्या रिकाम्या होतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी, पोरेबाळे, बैल, भांडीकुंडी घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. काहींचा कुत्रा गाडीमागून जातो आणि फडातल्या कोपीपाशी परक्या कुत्र्यांत चित्रांगासारखे दिवस काढतो. काहींचा मागे राहतो. बंद घराच्या उंबऱ्याशी तो पडून असतो, आणि शेजारची एखादी म्हातारी दिवस मावळता त्याला त्याच्या घरच्यांनी ठेवलेल्या नावाने हाक मारून भाकरीचा तुकडा टाकते. चैतापर्यंत ते नाव ती सांभाळते.